बदाम नकोत, कोरा कागद हवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातली मी मुलगी, वय १९. बारावी आर्ट्स करून धुळ्याला जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. घरात अहिराणी, शाळा मराठी आणि आता ॲनाटॉमी सगळी इंग्रजीत. एकेक धडा पाच-पाच वेळा वाचते, पिवळ्या-गुलाबी पेनानं ओळी रंगवते. वाचताना सगळं येतं असं वाटतं, पण पेपर हातात पडला की डोकं कोरं. पहिल्या चाचणीत नापास झाले. आई भिजवलेले बदाम देते, भावानं स्मरणशक्तीची पावडर आणून ठेवली आहे. मैत्रीण म्हणते, पाठ करूच नको, फक्त समजून घे. पप्पा म्हणतात, झेपत नसेल तर सोड, गावात राहून बीए कर. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सगळी गाणी मला पाठ आहेत, मग हेच का राहत नाही? माझी स्मरणशक्ती कमी आहे का? पहाटे चारला उठून वाचू का?

बेटा,

तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. आखाजीची सगळी गाणी पाठ आहेत, असं तू जाता जाता लिहून गेलीस आणि लगेच विचारलंस, माझी स्मरणशक्ती कमी आहे का? या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाच. जिला झोक्यावर बसून एकामागून एक गाणी म्हणता येतात, कुठल्या कडव्यामागून कुठलं येतं ते चुकत नाही, तिचं डोकं कच्चं कसं असेल?

ती गाणी तुझ्यापाशी आली कशी, ते जरा आठव. कुणी वही दिली नव्हती. आजीच्या, काकूच्या मागून तू म्हणायला लागलीस. मध्येच अडलीस. शेजारच्या पोरीनं पहिला शब्द दिला आणि पुढची ओळ आपसूक आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गाणं, या वेळी थोडं पुढं जाऊन अडलीस. मग वर्षभर विसरलीस. पुढच्या वैशाखात परत झोका बांधला तेव्हा पहिल्यापेक्षा लवकर आलं. दर वेळी गाणं तोंडातून बाहेर काढायची पाळी तुझ्यावर होती. ॲनाटॉमीत ती पाळी एकदम परीक्षेच्या हॉलमध्ये आली. आत भरायचा सराव पाच वेळा झाला होता, बाहेर काढायचा एकदाही झाला नव्हता.

आता तुझं दुसरं वाक्य घेऊ, ‘वाचताना सगळं येतं असं वाटतं’. वाटतं, हे खरंच आहे. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. तुझ्या रोजच्या गाडीचा कंडक्टर शंभर माणसांत उभा केला तरी तू ओळखशील. पण डोळे मिटून सांग, त्याच्या शर्टाला खिसे किती? घड्याळ कुठल्या हातात? चेहरा रोज समोर येतो म्हणून ओळखीचा झालाय, आठवून सांगायची वेळ मात्र कधी आली नाही. पाचव्यांदा वाचलेल्या पानाचंही तसंच होतं. ओळी ओळखीच्या वाटतात आणि मन म्हणतं, झालं. गुलाबी पेनानं तर हा भ्रम आणखी पक्का होतो, कारण रंगवलेली ओळ लगेच नजरेत भरते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचाच प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी सगळ्यांची परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानं घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांचा तो निकाल नीट लक्षात घे. तू वाचून लगेच स्वतःला तपासतेस आणि तेव्हा सगळं येतं. परीक्षा पाच मिनिटांनी असती तर तुझीच रीत बरोबर ठरली असती.

तेव्हा उद्यापासून एक बदल कर. धडा एकदाच वाच, पण सावकाश. मग पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि आठवेल ते सगळं निळ्या पेनानं लिही. आकृतीही न बघता काढ. ती वेडीवाकडी येईल, नावं अर्धी सुटतील, सुरुवातीला चार ओळींच्या पुढं पेन सरकणार नाही. त्या वेळी पुस्तक उघडायची फार घाई होईल. दोन मिनिटं थांब. डोक्याला ताण देऊन आठवण्यातच खरं काम होत असतं, उत्तर आलं नाही तरीही. मग पुस्तक उघड आणि सुटलेलं लाल पेनानं त्याच कागदावर भर. दुसऱ्या दिवशी सगळा धडा वाचायचा नाही. नव्या कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायचं आणि कालचं लाल आज किती निळं झालं ते बघायचं.

हे वाचण्यापेक्षा कष्टाचं आहे, हे मी लपवत नाही. वाचताना बरं वाटतं, कोऱ्या कागदापुढं वाईट वाटतं. म्हणूनच बहुतेक मुलं परत वाचण्याकडे वळतात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा मीही पोरांना ‘अजून एकदा वाच’ असंच सांगायचे. आज ते मला चुकीचं वाटतं.

विसरण्याचंही थोडं सांगते, कारण तू त्याला दोष समजतेस. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तो अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि काही काळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. एका दिवसानं जवळपास तिसरा हिस्साच श्रम वाचत, महिन्यानं पाचवा. बघ, पहिल्या दिवसात घसरण केवढी आणि पुढच्या महिनाभरात किती थोडी! हा सगळ्यांच्या डोक्याचा स्वभाव आहे. तुझ्या वर्गात पहिली आलेली मुलगीही असंच विसरते. तिनं बहुधा पहिली घसरण व्हायच्या आत एकदा आठवून घेतलं असेल.

त्यामुळं एका रविवारी पाच वेळा वाचण्याऐवजी तेच पाच वेळा पसरून टाक. शिकवलं त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. हे दिवस काही काळ्या दगडावरची रेघ नाहीत. लग्न आलं, कापूस वेचायला जावं लागलं, एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. थोडं विसरायला लागल्यावर आठवणं, एवढं सांभाळ. मजेची गोष्ट म्हणजे पाणी द्यायचं हे गणित तुझ्या घरात सगळ्यांना येतं. महिन्याचं पाणी एका दिवसात सोडलं तर पीक सडतं. पाळी ठरवूनच द्यावं लागतं.

नावं आणि आकडे यांच्यासाठी चिठ्ठ्या कर. घरात लग्नपत्रिकांचा ढीग असेलच, आपल्याकडे प्रत्येक भावकीतून चार-चार येतात. त्यांच्या कोऱ्या बाजू पोस्टकार्डाएवढ्या काप. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जर्मनीतल्या सेबास्टियान लाइटनर या पत्रकारानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी खोक्यांची साधी युक्ती सांगितली. चपलांची किंवा मिठाईची तीन खोकी घे. नव्या चिठ्ठ्या पहिल्या खोक्यात, ते रोज बघायचं. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी दुसऱ्यात, ते तीन दिवसांनी. तिथंही आलं की तिसऱ्यात, ते आठवड्यानं. चुकली की चिठ्ठी कुठल्याही खोक्यातून परत पहिल्यात. थोड्याच दिवसांत दिसेल की पहिल्या खोक्यात त्याच दहा-बारा चिठ्ठ्या अडून बसल्यात. वेळ त्यांच्यावर घालवायचा. येणाऱ्या गोष्टी पुन्हा पुन्हा म्हणत बसणं गोड वाटतं, पण त्यात मार्क नाहीत.

एसटीतही हे जमतं. धुळ्याहून गाडी सुटली की कुसुंब्यापर्यंत पुस्तक पिशवीतच ठेव. आज काय शिकवलं ते मनात पहिल्यापासून लाव. कुसुंबा आलं की वही काढून तपास. गाडीत वाचून मळमळण्यापेक्षा हे बरं.

आता भाषेचं. तू लिहिलंस, ‘घरात अहिराणी’, जणू ती अडचणच आहे. मला ती तुझी सगळ्यात मोठी सोय वाटते. हृदयाचा धडा झाला की आजीपाशी बस आणि तिला अहिराणीत सांग: हिरदयले चार खोल्या शेतस, रगत मांगे फिराले नको म्हनीसन आठे पडदा शे. आजी विचारेल, पडदा कशाले? तिथं तू अडशील. जिथं अडशील तेवढंच तुला समजलेलं नाही, हे तुला तत्क्षणी कळेल. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं म्हणताना न समजलेला भागही घसरून पुढं जातो. आजी तसं जाऊ देणार नाही.

पप्पांना झडपांबद्दल विचार. विहिरीवरच्या मोटारीच्या पाईपला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर चढतं, पण मोटार थांबली तरी परत विहिरीत उतरत नाही. तो गळायला लागला की पाईप रिकामा होतो, मोटार नुसतीच फिरते आणि पाणी उचलत नाही. हृदयातल्या झडपांचं काम तेच, रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देणं. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त मागं गळतं आणि हृदयाला तेच काम जास्त करावं लागतं. हे एकदा शेतावर उभं राहून ऐकलंस की पाच मार्कांचं उत्तर तुझ्या शब्दांत येईल. परीक्षेत इंग्रजी शब्द लागतील, ते त्यावर चढव. आधी अर्थ तुझ्या भाषेत, मग त्याला इंग्रजी नावाची चिठ्ठी डकव.

आणि ती नावं वाटतात तेवढी परकी नाहीत. ट्रायकस्पिडमधला ‘ट्राय’ आपल्या त्रिशूळातला, त्रिफळ्यातला ‘त्रि’च आहे, तीन पाकळ्यांची झडप. बायकस्पिडमधला ‘बाय’ म्हणजे द्वि. डेंटल आणि दंत, नेझल आणि नासिका हे एकाच घराण्यातले शब्द. नवा शब्द आला की आधी तो फोडून बघ, काहीतरी ओळखीचं निघतं.

इथं तुझ्या मैत्रिणीचं बोलणं येतं, ‘पाठ करूच नको, फक्त समजून घे’. अर्धं बरोबर आहे. पल्मनरी आर्टरी अशुद्ध रक्त नेते, हे नुसतं पाठ केलंस तर परीक्षेच्या धावपळीत उलटं लिहिशील. आर्टरी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, रक्त शुद्ध असो की अशुद्ध, एवढं कळलं की ते उलटं होणार नाही. पण कवटीतून निघणाऱ्या बारा नसांची, म्हणजे मज्जातंतूंच्या बारा जोड्यांची, नावं आणि क्रम समजून घेऊन येत नाहीत. ती पाठच करावी लागतात. पाठांतराला मी कमी लेखत नाही. आमच्या आधीच्या पिढीनं पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ केली म्हणून बाजारात त्यांना कधी कुणी फसवलं नाही. आणि उद्या वॉर्डात रात्री दोन वाजता पेशंट घाबरा होईल तेव्हा नाडीचे ठोके किती असायला हवेत हे तुला पुस्तकात शोधून चालणार नाही.

पाठ करायच्या गोष्टींना मात्र ओळखीचं काहीतरी बांधायला हवं. ही विद्या आपल्याच मातीत किती जुनी आहे बघ. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख सापडला, तो १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढल्याचं त्यात नोंदलंय. त्या ग्रंथांतलं गणित श्लोकांत आहे, कारण ते तोंडपाठ ठेवायचं होतं. आणि आकड्यांच्या जागी चित्रं आहेत. ‘लीलावती’त वर्तुळाचा परिघ काढायला व्यासाला ३९२७ नं गुणून १२५० नं भागायचं सांगितलंय. ते आकडे असे येतात: भ म्हणजे नक्षत्रं, सत्तावीस, नंद म्हणजे नऊ, अग्नी म्हणजे तीन. उलटीकडून लाव, ३-९-२७. मग ख म्हणजे आकाश, शून्य. बाण म्हणजे पाच. सूर्य म्हणजे बारा. पुन्हा उलटीकडून, १२-५-०. नुसता ३९२७ दोन दिवसांत पुसला जातो. नक्षत्रं, नंद आणि अग्नी पुसले जात नाहीत, कारण ते ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून होते.

तुझ्या मनात आधीपासून काय आहे? सातबारा आहे. पाठीच्या कण्यात मानेचे मणके सात, छातीच्या मागचे बारा, कमरेचे पाच. सर्व्हायकल, थोरॅसिक, लंबर. शेतकऱ्याच्या पोरीला हे पाठ करायला किती वेळ लागावा? सातबाऱ्यावर पाच नावं. पुढं सेक्रममध्ये, म्हणजे कमरेखालच्या हाडात, पाच मणके एकजीव झालेले आणि कॉक्सिक्समध्ये, म्हणजे माकडहाडात, चार. म्हणजे पाच नावांखाली दोन एकत्र कुटुंबं, एक पाच जणांचं, एक चार जणांचं. मोजून बघ, सगळे मिळून तेहेतीस. मोठ्या माणसात पाचाचा एक आणि चाराचा एक झाला की हाडं उरतात सव्वीस.

त्या बारा नसांसाठी घर वापर. गोठ्यापासून चालायला लाग. गोठ्याचा वास, पहिली नस, ओलफॅक्टरी, वासाची. अंगणातला दिवा, दुसरी, ऑप्टिक, नजरेची. असं करत करत आठव्या जागी झोका टांग, कारण आठवी नस ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. दहावी वेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच भटकणारी, ती डोक्यातून निघून छाती ओलांडून पोटापर्यंत जाते. दहाव्या जागी घरातलं सतत भिरभिरणारं माणूस उभं कर, कोण ते तूच ठरव. मधल्या जागाही तूच भर. मी भरून दिल्या तर त्या माझ्या घराच्या होतील आणि तुला परत माझं घर पाठ करावं लागेल.

बदाम खा, आईनं मायेनं दिलेत. पण पोट भरण्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नकोस. पावडर परत कर, आत काय आहे ते धड लिहिलेलं नसेल तर नक्कीच. त्याऐवजी एक काम कर, हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडे मुलींच्या अंगात रक्त कमी असणं नवं नाही, आणि रक्त कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, आणि माणूस म्हणतं, माझी बुद्धीच चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घे.

पप्पांवर रागावू नकोस. पोरीची रोजची दमछाक त्यांना बघवत नाही, म्हणून ते ‘सोड’ म्हणतात. पण एका चाचणीवरून हा निर्णय घेऊ नये, आणि त्या चाचणीत तर तू चुकीच्या रीतीनं अभ्यास करून बसली होतीस. त्यांच्याकडे दोन महिने मागून घे. फक्त ‘अभ्यास करीन’ असं सांगू नकोस, लाल-निळे कागद तारखा टाकून जपून ठेव आणि रविवारी त्यांना दाखव. इंग्रजी वाचता येत नसलं तरी लाल कमी होतंय का ते त्यांना दिसेल. दोन महिन्यांनीही लाल हटत नसेल तर वर्गातल्या बाईंशी बोल, कुठं अडतंय ते त्या कागदांवरून त्यांना चटकन कळेल. बीएचा विचार त्यानंतर. आणि बीएलाही पाठ करावंच लागतं.

राहिला पहाटे चारचा प्रश्न. रात्री अकराला झोपून चारला उठणार असशील तर मुळीच नको. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर बघितलं होतं की पाठ करून झोपलं तर तेवढेच तास जागं राहण्यापेक्षा कमी विसरतं. त्यानंतर इतरांनीही झोपेचं हे काम पुन्हा पुन्हा तपासलंय. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण तर कमावलेलंच घालवतं. तू साडेनऊला घरी सगळं आवरून बस, वीस मिनिटं कालच्या धड्याचा कोरा कागद, दहा मिनिटं पहिल्या खोक्यातल्या चिठ्ठ्या. मोबाइल आईच्या उशाशी ठेव. दहा वाजता दिवा घालव, आणि डोळा लागेपर्यंत गोठ्यापासून एकदा चालून ये.